‘व्हेन यू विल सेंड?’ की ‘व्हेन विल यू सेंड?’ : धंद्यासाठी इंग्रजीत प्रश्न बरोबर कसे विचारायचे



इंग्रजीचा विषय निघाला की बॅचमध्ये हमखास एक वाक्य ऐकू येतं, "सर, समोरच्याचं समजतं, पण बोलता येत नाही." थोडं खोदून विचारलं की कळतं, बोलताही येतं. "आय हॅव अ शॉप", "आय वॉन्ट हंड्रेड पीसेस" एवढं कुणीही बोलतो. गाडी अडते ती प्रश्नाला. रेट विचारायचा, डिलिव्हरीची तारीख विचारायची, जीएसटी धरून आहे की वेगळा हे विचारायचं, की जीभ अडखळते. मग आपण फोन मुलाच्या हातात देतो किंवा "नंतर मेसेज करतो" म्हणून ठेवून देतो.

धंद्यात खरेदीची बाजू म्हणजे सगळे प्रश्नच असतात. विकताना आपण माहिती देतो, खरेदी करताना माहिती काढतो. साधं वाक्य थोडं चुकलं तर समोरचा समजून घेतो. प्रश्न चुकला तर उत्तरच वेगळं मिळतं, आणि त्या उत्तरावर आपण ॲडव्हान्स भरून बसलेलो असतो.

सुरतच्या साडीवाल्याशी हिंदीत निभावतं. पण होजिअरीसाठी तिरुप्पूरला, छपाईच्या कामासाठी शिवकाशीला, पंप किंवा वेट ग्राइंडरसाठी कोइमतूरला फोन लावला की हिंदी दरवेळी चालेलच असं नाही. त्यांना मराठी येत नाही, आपल्याला तमिळ येत नाही. मधला पूल इंग्रजीचा. दुबई-लंडनच्या गिऱ्हाइकाला फराळ, मसाले पाठवणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही.

व्हिडिओत उदाहरणं भराभर पुढे जातात, म्हणून इथे सगळं सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा. नियम थोडेच आहेत, पण प्रत्येकाखाली स्वतःच्या धंद्याचं एक वाक्य लिहायचंच.

आपण अडखळतो कुठे?

मराठीत प्रश्न करणं किती सोपं आहे बघा. "माल आला" हे वाक्य. पुढे "का" लावला की "माल आला का?" झाला प्रश्न. "का" नको असेल तर नुसता आवाज चढवा, "माल आला?" "तुम्ही सोमवारी पाठवणार" यातला "सोमवारी" उचलून तिथे "कधी" ठेवा, "तुम्ही कधी पाठवणार?" बाकी शब्द जिथल्या तिथे.

इंग्रजीत मात्र शब्दांची जागा बदलते, आणि आपण नेमकी तीच बदलत नाही. डोक्यात "तुम्ही कधी पाठवणार" असतं, तोंडातून "व्हेन यू विल सेंड?" निघतं. शब्द सगळे बरोबर, जागा चूक.

यात शाळेचाही वाटा आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असायचं. पण पहिलीपासून शिकलेला असो की पाचवीपासून, वर्गात आपण प्रश्नांची उत्तरं लिहिली. प्रश्न बाई विचारायच्या नाहीतर पेपरात छापून यायचे. प्रश्न बनवायचं काम आपल्याकडे फारसं आलंच नाही. म्हणून उत्तर येतं, प्रश्न येत नाही. ही हुशारीची कमी नाही, सवयीची आहे.

नियम 1 : हेल्पर कर्त्याच्या आधी

इंग्रजी वाक्यात बऱ्याचदा मुख्य क्रियापदाला एक मदतनीस असतो. इज, आर, वॉज, विल, कॅन, हॅव, हॅज ही मंडळी. आपण त्यांना हेल्पर म्हणू. दुकान उघडताना आधी हेल्पर येऊन शटर वर करतो, मालक मागून येतो. प्रश्नात तसंच, हेल्पर पुढे, कर्ता मागे.

"यू विल सेंड" हे वाक्य. "विल यू सेंड?" हा प्रश्न.
"द रेट इज फिक्स्ड" हे वाक्य. "इज द रेट फिक्स्ड?" हा प्रश्न.
"यू कॅन गिव्ह क्रेडिट" हे वाक्य. "कॅन यू गिव्ह क्रेडिट?" हा प्रश्न.
"यू हॅव डिस्पॅच्ड द गुड्स" हे वाक्य. "हॅव यू डिस्पॅच्ड द गुड्स?" हा प्रश्न.

आंतरराज्य माल साधारण 50,000 रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. तेव्हा हा प्रश्न पाठच करा, "हॅव यू जनरेटेड द ई-वे बिल?" गाडी निघाल्यावर विचारून उपयोग नसतो.

नियम 2 : हेल्पर नसेल तर ‘डू’ला बोलवा

"यू मेक धिस आयटेम." या वाक्यात हेल्पर दिसत नाही. मग पुढे कुणाला आणायचं? इथे "डू" कामाला येतो. "डू यू मेक धिस आयटेम?"

एकट्या व्यक्तीसाठी किंवा वस्तूसाठी, म्हणजे ही, शी, इट असेल तिथे "डझ". झालेल्या गोष्टीसाठी सगळीकडे "डिड".

आता सगळ्यात जास्त चूक होते ती जागा. "डिड यू सेंट द पार्सल?" असं बरेच जण म्हणतात. बरोबर आहे "डिड यू सेंड द पार्सल?" कारण भूतकाळ "डिड"ने आधीच दाखवला. पावतीवर शिक्का एकदाच मारतात, दोनदा नाही. "डझ"चंही तेच. "डझ धिस रेट इन्क्लुड जीएसटी?" म्हणायचं, "इन्क्लुड्स" नाही. शेवटचा "स" डझने आपल्याकडे घेतला.

मजा म्हणजे शेक्सपिअरच्या काळात, सुमारे 400 वर्षांपूर्वी, इंग्रज लोक स्वतःसुद्धा डू न लावता, नुसतं क्रियापद पुढे आणून प्रश्न विचारायचे. डू लावायची पद्धत हळूहळू पक्की झाली. तेव्हा हा नियम आपल्याला विचित्र वाटला तर त्यात लाजायचं काही नाही. पण आज तो पाळावा लागतो.

नियम 3 : प्रश्नशब्द सगळ्यात पुढे, बाकी रांग तीच

कधी, कुठे, काय, का, कसं विचारायचं असेल तर व्हेन, व्हेअर, व्हॉट, व्हाय, हाऊ हा शब्द सगळ्यात आधी. त्यानंतरची रांग नियम 1 आणि 2 चीच. वहीत मोठ्या अक्षरात लिहा:

प्रश्नशब्द, मग हेल्पर, मग कर्ता, मग क्रियापद.

"व्हेन विल यू सेंड?" तुम्ही कधी पाठवणार?
"व्हेअर डू यू बाय युवर कापड?" असं अर्धवट बोलू नका, "व्हेअर डू यू बाय युवर क्लॉथ?" म्हणा. तुम्ही कापड कुठून घेता?
"व्हॉट डिड यू पॅक इन धिस बॉक्स?" या बॉक्समध्ये तुम्ही काय भरलंत?

याला एकच अपवाद. काम करणारा कोण हेच विचारायचं असेल तर डू, डझ, डिड येत नाही.

"हू सेंट धिस पार्सल?" म्हणजे हे पार्सल कोणी पाठवलं?
"हू डिड यू सेंड द पार्सल टू?" म्हणजे पार्सल तुम्ही कोणाला पाठवलं?

मराठीत "कोणी" आणि "कोणाला" हा फरक शब्दाच्या शेपटावरून कळतो. इंग्रजी बोलताना दोन्हीकडे "हू"च असतो, फरक दाखवायचं काम "डिड" करतो. पार्सल हरवल्यावर कुरिअरवाल्याशी बोलताना हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले तर अर्धा तास नुसता गोंधळ चालतो.

नियम 4 : एका ‘किती’चे अनेक तुकडे

मराठीत "किती" हा एक शब्द सगळं काम करतो. इंग्रजीत काय मोजताय त्यावर शब्द बदलतो.

नग मोजायचे असतील तर "हाऊ मेनी". "हाऊ मेनी पीसेस आर इन वन बॉक्स?" इथे "हाऊ मच पीसेस" नको.
पैसे, तेल, साखर, अशा एक-एक करून न मोजता येणाऱ्या गोष्टींना "हाऊ मच". "हाऊ मच ॲडव्हान्स डू यू नीड?"
कितीला पडेल? "हाऊ मच डझ इट कॉस्ट?" किंवा साधं "हाऊ मच इज इट?" "हाऊ मच इट इज?" हे चूक, हेल्पर मागे राहिला.
किती दिवस लागतील? "हाऊ लाँग विल इट टेक?"
किती लवकर देऊ शकाल? "हाऊ सून कॅन यू डिलिव्हर?"
किती दिवसांनी नवा माल येतो? "हाऊ ऑफन डू यू गेट न्यू स्टॉक?"
गोडाऊन स्टेशनपासून किती लांब? "हाऊ फार इज युवर गोडाऊन फ्रॉम द स्टेशन?"

आणि "कितवा"? याला इंग्रजीत सरळ एक शब्दच नाही, उगाच शोधत बसू नका. "हा कितवा हप्ता?" हे "विच इन्स्टॉलमेंट इज धिस?" असं विचारा, समोरचा "थर्ड" म्हणेल. "माझा नंबर कितवा?" याला "हाऊ मेनी पीपल आर बिफोर मी?" चालतं. शब्द सापडला नाही तर प्रश्न फिरवून विचारायचा.

नियम 5 : नम्रपणा कुठून आणायचा?

मराठीत आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशी उतरंड आहे. "पाठव", "पाठवा", "पाठवाल का" यातून मान आपोआप जातो. इंग्रजीत "यू" एकच, मालकालाही आणि पोऱ्यालाही. म्हणून तिथे नम्रपणा हेल्परमधून येतो.

"पाठवाल का?" साठी "कुड यू सेंड इट?" वापरा. "कॅन यू" चालतं, "कुड यू" जास्त अदबीचं. नाव विचारताना आपण "शुभ नाम"चं भाषांतर करून "व्हॉट इज युवर गुड नेम?" म्हणतो. भारतात समजतात, परदेशी गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. "मे आय नो युवर नेम?" पुरेसं आहे.

अजून अदबीनं विचारायचं तर "कुड यू टेल मी..." अशी सुरुवात करतात. पण इथे एक फट आहे. प्रश्न पहिल्या भागातच झालेला असतो, म्हणून पुढची रांग परत साध्या वाक्यासारखी होते.

"व्हेन विल द गुड्स रीच?" हा सरळ प्रश्न.
"कुड यू टेल मी व्हेन द गुड्स विल रीच?" हा अदबीचा प्रश्न.

दुसऱ्यात "द गुड्स विल" आलं. म्हणजे आपली नेहमीची सवय इथे मात्र बरोबर ठरते! होय-नाहीचा प्रश्न असेल तर मध्ये "इफ" घाला. "कुड यू टेल मी इफ जीएसटी इज इन्क्लुडेड?"

माल उशिरा आला की आपण "व्हाय यू हॅव नॉट सेंट?" म्हणून तुटून पडतो. बरोबर रूप "व्हाय हॅवन्ट यू सेंट इट?" असलं तरी ते जाब विचारल्यासारखंच वाटतं. पहिल्या फोनला "इज देअर एनी प्रॉब्लेम विथ द डिस्पॅच?" विचारा. समोरचा बचावात न जाता खरं कारण सांगायची शक्यता वाढते.

नियम 6 : ‘नाही का’वाला प्रश्न टाळा

हा नियम पैशांचा आहे, नीट वाचा.

बॅचमधल्या एका ताई दिवाळीचा फराळ पॅक करून विकतात. बॉक्ससाठी त्यांनी बाहेरच्या राज्यातल्या एका सप्लायरला फोन केला आणि विचारलं, "डोन्ट यू हॅव हाफ केजी बॉक्स?" तिकडून उत्तर आलं, "येस, येस." ताईंनी धरलं, आहे. सप्लायरला म्हणायचं होतं, "हो, बरोबर, नाहीये." ॲडव्हान्स गेला, गिऱ्हाइकांना अर्ध्या किलोचे भाव कळवून झाले, आणि दिवाळी आठ दिवसांवर आल्यावर घरी पोचले पाव किलोचे बॉक्स. शेवटी गावातूनच जास्त भावाने साधे बॉक्स घेऊन त्यावर लेबलं चिकटवावी लागली. त्या खेपेचा नफा तिथेच गेला.

दोघांपैकी खोटं कुणीच बोललं नव्हतं. मराठीत "नाहीये का?" ला आपण "हो, नाहीये" असं उत्तर देतो, म्हणजे समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो. बऱ्याच भारतीय भाषांत असंच चालतं. इंग्रजीचा हिशेब वेगळा. प्रश्न कसाही विचारला तरी वस्तू असेल तर "येस, वी डू", नसेल तर "नो, वी डोन्ट". येस आणि नो हे वस्तुस्थितीला चिकटतात, प्रश्नाला नाही.

समोरचा कुठल्या पद्धतीनं उत्तर देतोय हे फोनवर कळायला मार्ग नाही. म्हणून प्रश्नच सरळ ठेवा. "डू यू हॅव हाफ केजी बॉक्सेस?" आणि उत्तर नुसतं "येस" आलं तर लगेच पुढचा प्रश्न टाका, "हाऊ मेनी डू यू हॅव इन स्टॉक?" आकडा आला की खरं-खोटं तिथेच कळतं.

याचंच भावंडं म्हणजे वाक्याच्या शेवटी लावलेलं "इजन्ट इट?" आपलं "ना?" कुठेही बसतं, "उद्या पाठवणार ना?" म्हणून आपण "यू विल सेंड टुमॉरो, इजन्ट इट?" म्हणतो. व्याकरणानं तिथे "वोन्ट यू?" हवं, कारण वाक्यात विल आणि यू आहे. प्रत्येक वेळी जुळवत बसायला जमत नसेल तर शेवटी नुसतं "राइट?" म्हणा. "यू विल सेंड इट टुमॉरो, राइट?" बोलण्यात हे बिनधास्त चालतं.

आकडा ऐकला की परत विचारा

फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी यांचा गोंधळ ठरलेला. रेट पंधरा आहे की पन्नास, यावर सगळा धंदा अवलंबून. न लाजता विचारा, "डिड यू से वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?" इथेही बघा, "डिड"नंतर "से", "सेड" नाही.

समजलं नाही तर "व्हॉट?" असं तोडून विचारू नका. "कुड यू से दॅट अगेन?" म्हणा. दोनदा विचारणारा अडाणी ठरत नाही. चौकस गिऱ्हाईक ठरतो, आणि चौकस गिऱ्हाइकाला जपून माल दिला जातो.

पहिल्या फोनसाठी तयार यादी

हे प्रश्न कागदावर उतरवा आणि फोन करताना समोर ठेवा.

1. डू यू मेक धिस आयटेम युवरसेल्फ? (हे तुम्ही स्वतः बनवता का?)
2. व्हॉट इज द मिनिमम ऑर्डर? (कमीत कमी किती घ्यावं लागेल?)
3. कॅन यू सेंड अ सॅम्पल फर्स्ट? (आधी नमुना पाठवता येईल का?)
4. व्हॉट इज द रेट फॉर टू हंड्रेड पीसेस? (200 नगांना काय भाव?)
5. डझ धिस रेट इन्क्लुड जीएसटी? (यात जीएसटी धरलाय का?)
6. हू पेज फॉर ट्रान्सपोर्ट? (गाडीभाडं कोण भरतं?)
7. हाऊ लाँग इज धिस रेट व्हॅलिड? (हा भाव किती दिवस?)
8. हाऊ मच ॲडव्हान्स डू यू नीड? (ॲडव्हान्स किती?)
9. व्हेन विल यू डिस्पॅच द गुड्स? (माल कधी निघेल?)
10. विल यू रिप्लेस डॅमेज्ड पीसेस? (फुटका-तुटका माल बदलून द्याल का?)
11. कुड यू सेंड ऑल धिस ऑन व्हॉट्सॲप? (हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवाल का?)

सहावा प्रश्न बघा, त्यात डझ नाही. का? काम करणारा कोण हेच विचारतोय, नियम 3 चा अपवाद. आणि अकरावा प्रश्न कधीच विसरायचा नाही. बोललेलं विरतं, लिहिलेलं राहतं.

सराव कसा करायचा?

जुन्या पिढ्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन एक-एक वाक्य मराठीतून इंग्रजीत करत इंग्रजी पक्कं केलं. पद्धत जुनी असली तरी खरी आहे. रोज दुकानात मराठीत जे प्रश्न तुमच्या तोंडून निघतात, त्यातले तीन रात्री वहीत लिहा. शेजारी इंग्रजी करा. हेल्पर शोधा, त्याच्याभोवती गोल करा, तो कर्त्याच्या आधी आहे का बघा. मग तीन वेळा मोठ्यानं म्हणा. मनात म्हटलेलं जिभेवर येत नाही.

महिन्याला नव्वद प्रश्न होतात. एका छोट्या दुकानाला वर्षभर लागणारे प्रश्न बहुतेक त्यातच येऊन जातात. उच्चार गावाकडचा राहिला तरी हरकत नाही, तिरुप्पूरवाल्याचाही तिरुप्पूरचाच असतो. शब्दांची रांग तेवढी बरोबर ठेवा.

आजचं काम एवढंच. तुमच्या धंद्यातला एक असा प्रश्न निवडा, जो इंग्रजीत विचारता आला नाही म्हणून तुम्ही एखादा फोन टाळलाय. तो वरच्या नियमांनी लिहून काढा. आणि उद्या सकाळी, बोहनी झाली की, तो फोन लावाच.